त्रिवेणीची पहिली तारीख

"मॅडम, जन्मतारखेचा रकाना राहिलाय तुमचा."

समोरचा मुलगा हसूनच म्हणाला. रकाना राहिला नव्हता. बाहेर सोफ्यावर फॉर्म भरताना तिनंच तो सोडून दिला होता. तिच्या शेजारी दोन मुली बसल्या होत्या, चोवीस-पंचवीसच्या. त्यातल्या एकीनं तिला विचारलं होतं, "आंटी, आप किसके साथ आए?"

तिनं पेन घेतलं आणि तारीख लिहिली. मुलानं ती वाचली. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, पण मनातल्या मनात वजाबाकी करताना माणसाचे डोळे जरा वर जातात, तसे त्याचे गेले. बेचाळीस.

त्याचं नाव आदित्य. पुण्याचा होता. जुबिली हिल्समधल्या या वकिलांच्या फर्ममध्ये तीन वर्षं काम करत होता आणि नवे ट्रेनी निवडायचं काम त्याच्याकडं होतं. फॉर्मवर 'त्रिवेणी शिवराज बिरादार' वाचल्यावर तो इंग्रजी सोडून मराठीत बोलायला लागला होता. तिला बरं वाटेल म्हणून असेल. पण तिला वाटलं, आपलं इंग्रजी झेपत नाही हे याला आत्ताच कळलं.

"तुम्ही एकनाथराव वकिलांकडं एकोणीस वर्षं होतात?"

"हो. जामबागला."

"टायपिस्ट म्हणून."

"हो. मग इव्हिनिंग कॉलेजनं लॉ केलं. जुलैत सनद मिळाली. जुलै-ऑगस्ट दोन महिने त्यांची ज्युनिअर होते. सप्टेंबरात ते गेले."

"सो सॉरी. बरं, एक साधा प्रश्न विचारतो. तात्पुरता मनाई हुकूम मागायचा असेल, तर कोर्टाला कोणत्या तीन गोष्टी दाखवाव्या लागतात?"

हे तिनं किती वेळा टाइप केलं असेल, याला गणती नव्हती. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण आदित्य तिच्या तोंडाकडं बघत होता, आणि त्याच्या शेजारी बसलेली फर्मची एक बाईही लॅपटॉपवरून नजर उचलून बघत होती. टेबलाखाली मांडीवर तिची बोटं हलत होती. उत्तर बोटांना येत होतं. ती मांडीवर पहिला मुद्दा टाइप करत होती, दुसरा करत होती, आणि तोंडातून फक्त एवढंच आलं, "ते... प्रायमा फेसी..."

"रिलॅक्स," आदित्य म्हणाला. "पाणी घ्या."

पाणी पिऊन होईपर्यंत निर्णय झाला होता. ग्लास खाली ठेवताना तिला ते दोघांच्या बसण्यावरून कळलं. हा पंधरावा नकार. आधीचे चौदा ईमेलवर आले होते, सगळे गोड भाषेत.

पण आदित्य थांबला. "मॅडम, ट्रेनी म्हणून खरं सांगायचं तर अवघड आहे. आम्हाला हायकोर्टात पळणारी मुलं लागतात. पण डॉक्युमेंटेशनला एक जागा आहे. ड्राफ्ट टाइप करायचे, फाइली लावायच्या. पर्मनंट. तुमच्यासारखं माणूस आम्हाला शोधून सापडणार नाही. शनिवार संध्याकाळपर्यंत फॉर्म मेल करा, सोमवारपासून या."

"त्यात कोर्टात उभं राहावं लागतं?"

"छे छे. उलट पगारी नोकरी धरली की सनद बार कौन्सिलकडं स्थगित ठेवावी लागते. नियमच आहे."

त्रिवेणीला एकदम हलकं वाटलं. खांद्यावरचं काहीतरी कुणी उचलून नेल्यासारखं. आता कुणाच्या समोर बोलायचं नाही, कधीच नाही. लिफ्टमधून खाली येईपर्यंत ते हलकेपण टिकलं. मग तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडलं आणि तिच्या ध्यानात आलं, की आपल्याला बरं वाटतंय. त्या बरं वाटण्याचीच तिला भीती वाटली.

मेट्रोत बसल्यावर फोन वाजला. सुशीलाबाई. तिनं तो वाजू दिला, मग पर्समध्ये पालथा घातला. गेले दोन महिने तिला फोनचीच धास्ती बसली होती. मेल आल्याचा टिंग असा आवाज झाला की हातातलं काम सुटायचं. परवा वरण उतू गेलं आणि ती गॅससमोर उभी राहून ते बघत राहिली होती, कारण टेबलावर टिंग झालं होतं. तो मेल विजेच्या बिलाचा निघाला.

आणि सुशीलाबाईंचा फोन तर तिला कुठल्याही मेलपेक्षा जड होता.

सुशीलाबाई एकनाथरावांच्या अशील. जामबागच्या एका गल्लीत दोन खोल्यांत एकट्या राहत, साड्यांना फॉल-पिको करून देत. नवऱ्यानं आणि थोरल्या दिरानं मिळून घेतलेलं घर. कागद दिराच्या नावावर. नवरा गेला, दीर गेले, आणि ऑगस्टमध्ये पुतण्यानं, हर्षदनं, दावा लावला, की काकू आमच्या मेहरबानीनं राहतात, घर खाली करून द्यावं. दाव्याला द्यायचं लेखी उत्तर त्रिवेणीनंच लिहिलं होतं. एकनाथराव म्हणाले होते, "हे तू लिही. पहिली कैफियत तुझी." तिनं लिहून त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि आठवड्याच्या आत ते गेले. ती फाइल तिनं घरी आणली होती, पण परत उघडायचा तिला धीर झाला नव्हता. ऑक्टोबरच्या तारखेला सुशीलाबाईंकडून कुणीच उभं राहिलं नाही. आता सोमवारी शेवटची संधी होती. त्या दिवशीही कुणी उभं राहिलं नाही, तर दावा एकतर्फी चालणार.

*

"घे की मग," शिवराज म्हणाला. तो सिकंदराबादच्या रेल्वे पार्सल ऑफिसातून आत्ताच आला होता आणि बूट काढत होता. "पर्मनंट म्हणायलेत ना? कायको परेशान व्हायलीस?"

"सनद ठेवून द्यावी लागते."

"म्हणजे?"

"म्हणजे वकील नाही राहायचं."

शिवराजनं एक बूट हातात धरून तिच्याकडं बघितलं. चार वर्षं तो संध्याकाळी स्वयंपाक करत होता, ही कॉलेजला जायची म्हणून. काचीगुड्याच्या त्या दोन खोल्यांत भाकरी थापणारा रेल्वेचा क्लार्क बघून शेजारचे हसायचे. त्यानं कधी बोलून दाखवलं नव्हतं, आत्ताही दाखवलं नाही.

"तुला काय करायचंय?" त्यानं विचारलं.

"मला काय की कळंना."

आतून निशिगंधा आली. अठरा वर्षांची, कानात इअरफोन. "मम्मी, रिजेक्ट तर सगळेच होतात गं. माझ्या फ्रेंडची अक्का ट्वेंटी प्लेसेसला अप्लाय केली. चिल मार ना."

"तिचं वय किती?"

"ट्वेंटी-थ्री असंल."

निशिगंधाला आपण काय बोलून गेलो ते कळलं आणि ती आईच्या शेजारी येऊन बसली. त्रिवेणी म्हणाली, "नकाराचं नाही गं. मी तोंड उघडलं की आवाजच निघत नाही. आज साधं विचारलं त्यांनी. मला येत होतं. सगळं येत होतं. उद्या कोर्टात असं झालं, तर माझं काय जातंय? पण त्या म्हातारीचं घर जाईल ना."

हे तिनं पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं होतं. शिवराजनं बूट खाली ठेवला.

"मग तिला दुसरा वकील बघायला सांग," तो हळू म्हणाला. "त्यात काय पाप नाही."

*

शनिवारी सकाळी ती फाइल पिशवीत घालून जामबागला गेली. ती परत करायची, चार शब्द बोलायचे आणि निघायचं, असं तिनं ठरवलं होतं. सुशीलाबाईंच्या दारावर तिनं टकटक केलं. आत मशीन चालत होतं, ते बंद झालं. पण दार उघडलं नाही. तिनं परत टकटक केलं.

"काकू, मी त्रिवेणी."

मग कडी निघाली. "तू व्हय गं माय. ये. चार दिसांपासून फोन लावायले."

"दार का उघडत नव्हता?"

"भ्या वाटतंय. कुणी थाप मारली की वाटतंय, हर्षदची माणसं आली सामान बाहेर काढायला. गुमान बसून राहते. परवा गॅसवाला तसाच निघून गेला." त्या हसल्या, आणि हसताना त्यांचा हात नकळत कडीवर गेला, बसली का बघायला.

त्रिवेणीनं पिशवीतून फाइल काढून मांडीवर घेतली. "काकू, दुसरा वकील बघा."

"बघितले की. दोघांकडं जाऊन आले. एकजण म्हणला, सोमवारला होत नाही. दुसऱ्यानं हर्षदच्या वकिलाचं नाव ऐकलं आणि म्हणला, आजी, समझोता करून घ्या. अप्पाराव म्हणून हैत कुणी. लई मोठे हैत का?"

"तीस वर्षांची प्रॅक्टिस आहे त्यांची."

"मग तू उभी राहा ना. तुला सगळं ठाऊक हाय."

"मला जमत नाही. मी भिते, काकू."

"जज्जाला?"

"सगळ्यांनाच."

सुशीलाबाईंनी तिच्याकडं बघितलं. समजावलं नाही, पाठीवर हातही ठेवला नाही. त्यांनी फक्त विचारलं, "त्यात लिहिलंस काय ते तरी वाचून दाखव. परत द्यायला तर आलीसच. मला इंग्लिश येत नाही. साहेबांनी एकदा सांगतो म्हणले होते, राहूनच गेलं."

म्हणून तिनं फाइल उघडली. आणि तिला दिसलं, की एकनाथरावांनी ती वाचली होती. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात त्यांची पेन्सिल होती. एकनाथराव कुणाचाही मसुदा हातात आला की लाल शाईनं तो रक्तबंबाळ करून टाकत. तिनं एकोणीस वर्षं तेच रक्त निस्तरून पानं परत टाइप केली होती. या अकरा पानांत लाल शाई नव्हती. प्रत्येक कोपऱ्यात पेन्सिलनं फक्त 'ठीक' लिहिलं होतं. सातव्या पानावर एका ठिकाणी स्वल्पविराम घातला होता.

ती एकेक वाक्य मराठीत करून सांगायला लागली. घर घेताना धाकट्या भावानं काय दिलं, वरची खोली कुणी बांधली, एकतीस वर्षं घरपट्टी कुणाच्या हातून गेली. सुशीलाबाई मध्येच म्हणायच्या, "हौ, बरोबर." एकदा म्हणाल्या, "हे तुला कसं कळलं?" "तुम्हीच सांगितलं होतं, काकू. ऑगस्टमध्ये. साहेब जेवायला गेले होते तेव्हा." वाचताना आपला आवाज नीट निघतोय, हे त्रिवेणीच्या ध्यानातच आलं नाही.

संपल्यावर सुशीलाबाईंनी डोळे पुसले. "'मी आहे' एवढंच म्हणायचं की हे," त्या म्हणाल्या. "घरात मी आहे. दुसरं काय हाय त्यात."

"हो. एवढंच आहे."

"मग दोघी भ्यालेल्याच जाऊ. मी मागं बसते."

संध्याकाळी घरी त्रिवेणीनं फर्मचा फॉर्म भरला. जन्मतारखेसकट सगळे रकाने. पाठवायच्या बटणावर अंगठा ठेवून ती बाल्कनीत बसली. खालून काचीगुडा स्टेशनची घोषणा ऐकू येत होती. सात वाजले, आठ वाजले. हिंमत म्हणावी असं काही नव्हतं त्यात. तिला दाबायचीही भीती वाटत होती आणि न दाबायचीही. न दाबण्यात हात हलवावा लागत नव्हता, एवढंच. मग निशिगंधा जेवायला बोलवायला आली आणि शनिवार संपला.

रविवारी तिनं वकीलपत्र टाइप केलं, उशिराचं कारण सांगणारा अर्ज टाइप केला, आणि दुपारभर स्वयंपाकघरात उभी राहून एकच इंग्रजी वाक्य पाठ करत राहिली. शिवराज बाहेरच्या खोलीत टीव्ही बंद करून बसला होता.

*

सोमवारी सकाळी दहाला दोघी कोर्टाच्या पायऱ्यांवर भेटल्या. काळा कोट त्रिवेणीनं पिशवीतून आणला होता. बसमध्ये घालायची लाज वाटली होती. कोठीच्या बाजारातून घेतलेला, नवा, खांद्यांत जरा मोठा. तिनं तो पायऱ्यांवरच चढवला. सुशीलाबाईंनी मागून कॉलर सारखी केली.

हॉल भरलेला होता. एकोणीस वर्षं ती याच हॉलमध्ये फाइली घेऊन आली होती, पण नेहमी भिंतीकडच्या बाकापर्यंत. पुढच्या खुर्च्यांपर्यंत कधी गेली नव्हती. तिथं अप्पाराव बसले होते. तिला बघून ते आपुलकीनं हसले.

"अरे, त्रिवेणी! एकनाथराव गए, बहुत बुरा हुआ. फाइल देने आई क्या?"

"नहीं सर." तिनं कोटाची बटणं चाचपली. "मैं खडी हो रही हूं."

अप्पारावांनी कोट आत्ता पाहिला. भुवया वर गेल्या, मग त्यांनी मान डोलावली आणि शेजारच्या खुर्चीवरची आपली पुस्तकं उचलून जागा करून दिली. पण तिच्यानं तिथं बसवलं नाही. ती मागं वकिलांच्या गर्दीत उभी राहिली.

साडेअकराला खिशात टिंग झालं. बघू नये म्हणत तिनं बघितलं. आदित्य. आपल्याकडून उत्तर आलं नाही, जागा भरली आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा. तिनं फोन परत खिशात टाकला. आता मागं काही नव्हतं. नोकरी नाही, ऑफिस नाही, ज्यांच्या मागं उभं राहावं ते साहेब नाहीत. तिच्या मनात आलं, आत्ता दारातून निघून गेलं तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. तिनं दाराकडं बघितलं. दाराजवळच्या बाकावर सुशीलाबाई पिशवी छातीशी धरून बसल्या होत्या आणि प्रत्येक पुकाऱ्याला दचकत होत्या.

आणि पुकारा झाला. त्यांचाच नंबर.

अप्पाराव उठले. शांतपणे, रोजच्या सवयीनं त्यांनी इंग्रजीत सांगितलं, की मागच्या तारखेला प्रतिवादीकडून कुणी नव्हतं, कैफियत दाखल नाही, एकतर्फीचा हुकूम व्हावा.

जज्ज मॅडमनी कागद उलटला आणि इंग्रजीतच विचारलं, "प्रतिवादीकडून कुणी?"

त्रिवेणीनं तोंड उघडलं. पाठ केलेलं वाक्य तिथं नव्हतं. तिच्या पुढं दोन उंच वकील उभे होते, त्यांच्या कोटांच्या मधून तिला जज्ज मॅडमचा हात दिसत होता. त्या हातानं पेन उचललं.

"कुणी नाही," मॅडम म्हणाल्या, आणि लिहायला वाकल्या.

"आहे!"

हॉलमधली सगळी डोकी वळली. "आहे! मी आहे!" ती मराठीत ओरडली होती. पुढचे दोघं बाजूला झाले, कुणीतरी फिस्सकन हसलं. त्रिवेणी ढकलल्यासारखी पुढं आली. कान तापले होते.

जज्ज मॅडमनी पेन थांबवलं. "कोण आपण?"

"प्रतिवादीसाठी, माय लेडी." आता इंग्रजी आलं, तुटत तुटत. "अ‍ॅडव्होकेट त्रिवेणी बिरादार."

"मोठ्यानं बोला, कौन्सेल. उशीर का?"

तिनं श्वास घेतला. तिला वाटलं तो परत बाहेर येणारच नाही. मग ती म्हणाली, की प्रतिवादीचे वकील बारा सप्टेंबरला वारले. समन्स वीस ऑगस्टला मिळालं. आज ब्याऐंशीवा दिवस आहे. कायद्यानं कोर्ट नव्वद दिवसांपर्यंत मुदत देऊ शकतं. वकीलपत्र, उशिराचा अर्ज आणि कैफियत, तिन्ही आत्ता हातात आहेत.

"मिस्टर अप्पाराव?"

"मेलेल्या माणसाबद्दल काय हरकत घेणार, मॅडम," अप्पाराव म्हणाले. "पण हरकत नोंदवून घ्यावी."

"नोंदवली. अर्ज मंजूर. कैफियत दाखल. वादाचे मुद्दे काढण्यासाठी दोन डिसेंबर."

शिपायानं तिच्या हातातून कागद घेतले. दोन मिनिटं लागली असतील. पुढचा पुकारा सुरूही झाला होता.

*

बाहेर व्हरांड्यात आल्यावर त्रिवेणी तीन पावलं चालली आणि पायरीवर खाली बसली. गुडघे लटलटत होते, ते हातांनी दाबून धरले तरी थांबेनात. सुशीलाबाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडून तिच्या हातात दिली.

"झालं काय मग? जिंकलो?"

"नाही काकू. तारीख मिळाली."

"नुसती तारीखच?"

"आपलं उत्तर घेतलं त्यांनी. आता केस चालंल. वर्षं लागतील."

"तवर?"

"तवर घर तुमच्याकडंच."

सुशीलाबाईंनी मान हलवली. मग त्यांनी तिच्या गुडघ्यांकडं बघितलं. "दोन डिसेंबरलापण असंच थरथरशील का गं?"

त्रिवेणीनं खोटं बोलायचा विचार केला. "बहुतेक," ती म्हणाली.

"बरं. मी लवकर येते मग."

त्रिवेणीनं कोट काढला. नोव्हेंबरची हवा चांगली गार होती, पण कोटाचं अस्तर पाठीपासून बगलांपर्यंत चिंब भिजलं होतं. तसाच पिशवीत घातला तर वास मारेल, म्हणून तिनं तो उलटा करून व्हरांड्याच्या कठड्यावर पसरला. ऊन तिथपर्यंत येत होतं. येणारे-जाणारे वकील त्या कोटाकडं बघत आणि वळसा घालून जात. दोघी पायरीवर बसून राहिल्या, तो वाळेपर्यंत.